रांजणकोंडीचं पहिलं पाणी

कर्जतला फळी घेऊन लाटेवर उभं राहायला या म्हटलं की लोक आधी विचारतात, समुद्र कुठाय बाई तुमच्या कर्जतला? जागृतीला या प्रश्नाची इतकी सवय झाली होती, की फोन उचलल्या उचलल्या ती उत्तरच देऊन टाकायची. समुद्र नाही, पेज नदी आहे. वर डोंगराच्या पायथ्याला वीजघर आहे. तिथून दुपारी पाणी सुटतं, आणि रांजणकोंडीच्या कातळावरून घसरताना एका जागी लाट उभी राहते. ती पुढे जात नाही, फुटत नाही, पाणी असेपर्यंत तिथल्या तिथे. पावसाळ्यात मुळीच येऊ नका, गढूळ पाण्यातून अख्खी झाडं येतात. दसऱ्यानंतर पाणी निवळतं, भात कापून झालं की उतरायला वाटही होते. शिमग्यापर्यंत मजा आहे. त्यानंतर तापलेल्या कातळावर पाय ठेववत नाही. आणि एक लक्षात ठेवा, आधी एक लोंढा येतो आणि ओसरतो. तो जाऊ द्यायचा. त्यात काटक्या असतात, एखादा सापही असतो. त्यानंतरच्या पाण्यात उतरायचं.

हे काटक्यांचं कारण तिचं स्वतःचं. गावातले लोक कारणबिरण देत नसत. पहिलं पाणी आलं की मासे धरणारे जाळं गुंडाळायचे, धुणं धुणाऱ्या बाया पिळे घेऊन वर यायच्या, आणि सगळे नदीकडे पाठ करून बसायचे. का, म्हणून विचारलं तर "तसंच करत्यात," एवढंच. जागृतीच्या वडिलांनी तिला लहानपणापासून शिकवलं होतं, तपासून पटेल तेवढंच मानायचं. म्हणून तिने आपल्यापुरतं कारण शोधलं, आणि आल्यागेल्याला ते इतक्यांदा सांगितलं की पुढे तिलाही ते खरंच वाटायला लागलं. गंमत अशी, की पहिल्या पाण्यात वाहत आलेली काडी तिने कधी पाहिली नव्हती. पाहणार कशी? तीही पाठ करूनच बसायची.

बरं, लाटेवर उभं राहायचं ते दुसऱ्यांनी. जागृतीने काठावरून शिकवायचं. दोन वर्षांपूर्वी समुद्रात लाटेवरून पडून तिच्या डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. हाडं जुळली, पण फळीवर उठायला गेलं की तो पाय ऐनवेळी दगा द्यायचा. अख्खा हंगाम ती रोज उतरली आणि रोज तोंडावर आपटली. रडली नाही, पण राग असा यायचा की घरी गेल्यावर ती त्या पायाशी बोलायची नाही. आता तर लाटच जाणार होती. कोंडीच्या खाली बंधारा घालायचा ठरलं होतं. यंत्रं येऊन उभी होती, उद्या काम सुरू. पाणी तुंबलं की कातळ बुडणार आणि लाट कायमची संपणार.

त्या दुपारी राकेश धापा टाकत खाली आला. राकेश म्हणजे तिचा शाळेपासूनचा दोस्त, फळ्या वाहून आणणारा, पडली की हसणारा.

"जागृती, वीजघरात दुरुस्ती निघालीय. एकच लोंढा सोडणार आणि बंद."

"म्हणजे पहिलंच पाणी?"

"पहिलंच."

तिने फळी उचलली. आबाजी तिथेच जाळं गुंडाळत होते. सत्तरीचा माणूस, जन्म या कोंडीत मासे धरण्यात गेलेला.

"पोरी, पाठ कर," ते म्हणाले.

"आज नाही आबाजी. आज उभी राहिले नाही तर परत कधीच नाही."

"ऱ्हाशील की उभी," आबाजी तिच्या गुडघ्याकडे बघत म्हणाले. "त्याचंच तर भ्या हाय." आणि त्यांनी पाठ फिरवली.

पाणी आलं. त्यात काडी नव्हती, पान नव्हतं, फेससुद्धा नव्हता. काचेसारखं स्वच्छ पाणी कातळावर चढलं आणि लाट उभी राहिली, तिने आजवर पाहिलेल्या लाटांच्या दीडपट. समोरच्या दगडावरचे बगळे उठून गेले. जागृतीला वाटलं कानांना दडे बसले असावेत. कारण एवढी लाट, आणि आवाज कसलाच नव्हता.

ती फळीवर पालथी पडली आणि लाटेत शिरली.

हात टेकले. उजवा पाय आला. आता डावा. नेहमीसारखा गुडघा लटपटला, आणि ती पडायच्या बेतात असताना त्याला खालून गार काहीतरी भिडलं. घट्ट. ओल्या फडक्याने बांधावा तसा.

पाय थांबला.

जागृती उभी राहिली.

उभी! फळी हलेना, गुडघा हलेना. ती डावीकडे झुकली, लाट तिच्याबरोबर झुकली. ती हसत सुटली. दोन वर्षांचा राग, ते पडणं, लोकांचं "आता नाद सोड," सगळं पायाखाली होतं. काठावर राकेश वेड्यासारखा नाचत होता. त्याची शिट्टी तिला ऐकू येत नव्हती, पण दिसत होती.

"जमलं रे!" ती ओरडली. "जमलं!"

पाणी ओसरेपर्यंत ती पडली नाही.

मग आवाज परत आला, पाखरांचा, राकेशच्या टाळ्यांचा. बाया वळून बघायला लागल्या, एकीने कौतुकाने कानशिलावर बोटं मोडली. आबाजी मात्र अजून पाठमोरेच होते. जागृती फळी बगलेत मारून वाळूतून चालत आली. लंगडत नव्हती. किती दिवसांनी ती अशी सरळ चालत होती, आनंदाने तिचे डोळे भरून आले.

डोळे पुसायला ती थांबली, आणि सहज मागे पाहिलं.

ओल्या वाळूत तिच्या पावलांची रांग उमटली होती. उजवं पाऊल तिचंच, लांबट. डावं आखूड होतं, रुंद, टाचेला भेगा. आणि दुसऱ्या बोटाशी जोडव्याचा गोल वळ.

जागृतीचं लग्न झालं नव्हतं. जोडवं तिने कधी घातलं नव्हतं.

तिने पायाकडे पाहिलं. पाय तिचाच होता, बोटं मोकळी. तपासायचं म्हणून तिने तो पुन्हा वाळूत दाबला आणि उचलला. वळ उमटला.

"दुखतंय का गं?" राकेशने वरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं. डाव्या पायाला काही जाणवतच नव्हतं, वाळू नाही, ऊन नाही.

ती अजून त्या वळाकडेच बघत होती, तोवर डाव्या पायाने चढणीवर पुढचं पाऊल टाकलं होतं.