रेघेतला खड्डा

आता बघा, चाकणच्या कंपनीतली स्पीकर तपासायची खोली ही काय भुताटकीची जागा आहे? चारी भिंतींना फोम, आत बोललेला शब्द तोंडापुढंच विरतो, एवढंच काय ते. विजयश्रीला तर ती खोली आवडायची. तिचा नवरा धनेश तिथंच कामाला होता. गेल्या वर्षी हायवेवर अपघातात तो गेला आणि त्याच्या जागी कंपनीनं तिला घेतलं.

काम सोपं. गाडीचा स्पीकर माइकसमोर ठेवायचा, बाहेर येऊन दार लावायचं, बटण दाबायचं. खालच्या घुमण्यापासून वरच्या किणकिणाटापर्यंत आवाज चढत जातो आणि कुठला सूर किती जोरात निघाला त्याची रेघ स्क्रीनवर उमटते. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात त्याला. पण आत माणूस राहिला, की आवाज त्याच्यावर आपटून परततो आणि रेघेत खड्डा पडतो. धनेश महाआळशी. सारखं आत-बाहेर कोण करणार म्हणून आतच उभा राहायचा आणि साहेबांच्या शिव्या खायचा.

त्या दिवशी खोली रिकामी होती आणि रेघेत खड्डा पडला. तिनं स्पीकर बदलला, माइक बदलला. खड्डा तिथंच. तिला भीती नाही वाटली हो, रडूच फुटलं. वर्षभर ज्याच्यासाठी जीव तुटत होता, तो दारापलीकडे उभा होता.

दार किलकिलं करून ती म्हणाली, "अहो... माइकजवळ या ना."

पुन्हा बटण दाबलं. खड्डा उजवीकडे सरकला. माणूस माइकजवळ आला की सरकतो, अगदी तसाच.

मग तिनं दार सताड उघडलं. "घरी चला," हळूच म्हणाली. थोडं थांबून दार लावलं, पुन्हा तपासलं. रेघ स्वच्छ.

दुपारी शिफ्ट सुटली. कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, शेजारी पिशवीसुद्धा ठेवली नाही. नव्या नवरीसारखी धाकधूक होत होती. बस भरली, माणसं उभी राहिली, तरी त्या सीटवर कुणी टेकेना. नवीन लागलेला मालोजी तेवढा बसायला वाकला आणि चटकन मागं झाला.

"सॉरी बाबा, बघितलंच नाही."

तिला शेजारी कुणी दिसत नव्हतं, पण हसू आवरेना. धनेशला पुरती तिशीही लागली नव्हती. "बाबा काय म्हणतोस रे त्यांना?"

मालोजी ओशाळला. "मग काय म्हणू, ताई? छातीपर्यंत पांढरी दाढी... तुमचे सासरे ना?"

विजयश्री काचेला चिकटली. घरी चला, असं तिनंच सांगितलं होतं. चऱ्होलीचा फाटा आला, बस थांबली. उतरायचं तर त्या सीटवरूनच जावं लागणार होतं.