ओटी भरलेला हडंबा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडत नाही.

मी स्वतः तिथे होते. माझ्या हातात कात्री होती.

मी मंजुश्री. आळंदला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायका माझ्याकडे रोज येतात. मी म्हणते, हात वर कर, माप घेऊ दे. की झाल्या गप्प.

आता मीच सांगायला बसले आहे.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा दुसरा दिवस. औराद तालुक्यातलं संतपूर. माझी मोठी बहीण अंबिका अक्का हिचं शेत. आणि रात्र नव्हती बरं का. टळटळीत दुपार होती. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

अक्काचा नवरा, धनराज दाजी, भारी खटपट्या माणूस. शेत लहान, तेही ओढ्यापलीकडे. मोठं मशीन तिथवर पोचत नाही. भाड्याचा हडंबा, म्हणजे आमच्याकडचं मळणीयंत्र, मोठ्या लोकांचं उरकल्यावर येतो. तोवर सोयाबीनच्या शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात.

म्हणून दाजींनी स्वतःच हडंबा बनवला.

पाण्याच्या पंपाचं जुनं इंजिन. मोडक्या ऑटोची चाकं. पत्र्याची टाकी कापून केलेलं तोंड. आणि आतला दातेरी ड्रम बिदरच्या भंगारातून आणलेला.

"दाजी, हे चालतंय का नुसतं बगत उभं राहतंय?" मी चिडवलं.

"तुज्या शिलाई मशीनपेक्षा गुमान चालतंय," दाजी हसले. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस. लहान पोरासारखे खूश होते.

अक्काच्या सासरी एक रीत आहे. घरात नवं लोखंड आलं, मग तो नांगर असो की मोटारसायकल, खंडेनवमीला त्याची ओटी भरायची. नव्या सुनेची भरतात तशी. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. ओटी भरली की ते लोखंड घरचं झालं. मग ते घरच्या माणसाला इजा करत नाही.

खण मीच नेला होता. हिरवा, लाल काठाचा. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा एक टाका. माझ्या दुकानातल्या प्रत्येक खणाला मी तो घालते, गिऱ्हाइकांची अदलाबदल होऊ नये म्हणून.

अक्काने ड्रमच्या दातांत बांगड्या अडकवल्या. वर खण घातला. हळदीकुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले.

"ये बाई, घरात ये," अक्काच्या सासूबाई, राजूबाई मावशी म्हणाल्या. तसं म्हणायचंच असतं.

आणि...

ड्रम हलला. अगदी थोडासा.

"हात लागला आसंल गं," मावशी म्हणाल्या.

अक्काच्या दोन्ही हातांत ताट होतं. मी नुसता नारळ पुढे केला. सणाच्या दिवशी कशाला उगीच!

दसऱ्याच्या सकाळी बघितलं तर खण नव्हता. बांगड्याही नव्हत्या. नारळ मात्र जागेवर. माकडांचं काम, दाजी म्हणाले.

"माकडं नारळ ठेवून खण नेतेत व्हय?" मी विचारलं.

"पोरांनी नेलं आसंल. तू कामून डोकं लावायलीस?" अक्का म्हणाली.

दुपारी मी गोठ्याकडे निघाले होते. हडंबा बाजूलाच उभा होता. इंजिन बंद, झाकण लावलेलं. आसपास कुणी नाही.

आणि आतून...

किण.

बांगड्यांवर बांगड्या आपटल्याचा आवाज. मी झाकण उघडलं. आत फक्त दात होते.

दुसऱ्या दिवशी हडंबा शेतात नेला. घरचं कुत्रं रोज सगळ्यांच्या पुढे पळतं. त्या दिवशी ते ओढ्याशी थांबलं. हाक मारली, भाकरी दाखवली. ते जागचं हललं नाही.

सोयाबीनची गंजी रचलेली. खाली दाणे सांडलेले. एरवी तिथे चिमण्या, साळुंक्या नुसता गोंधळ घालतात. त्या दिवशी एक पाखरू नव्हतं.

मला पोत्यांच्या तोंडाची शिवण उसवायचं काम दिलं होतं. म्हणून कापडाची मोठी कात्री हातात होती.

दाजींनी इंजिन चालू केलं. पहिला घास घरच्या सुवासिनीचा. अक्काने सोयाबीनचा कवळा उचलला आणि हडंब्याच्या तोंडात सारला.

धडधड धडधड... आणि खालून दाणे पडायला लागले. पिवळेधमक!

"बग मंजू! बग कसं काम करायलंय!" दाजी ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही फार बरं वाटलं. माणूस उन्हाळाभर राबला होता.

मग दाण्यांत काहीतरी चमकलं...

हिरवी काच.

आमच्याच बांगड्यांची असेल, मला वाटलं. मी वेचायला लागले. काच संपेचना. ओंजळ भरली तरी पडतच होती. एवढ्या बांगड्या आम्ही घातल्याच नव्हत्या.

मग भुसकटातून चिंध्या यायला लागल्या.

मी एक उचलली. माझा खण नव्हता तो. जांभळं सुती लुगडं होतं, विटलेलं, धुऊन धुऊन विरलेलं. कापड मला कळतं. असलं कापड आमच्यातल्या कुणाच्याच अंगावर नव्हतं.

चिंधी ओली होती.

बोटं बघितली... लाल.

"बंद करा! दाजी, बंद करा!"

दाजींनी इंजिन बंद केलं. आत काय अडकलंय बघायला इंजिनावरून ड्रमला फिरवणारा पट्टा उतरवून हातात घेतला आणि वरचं झाकण काढलं. ड्रम थांबलेला होता.

तेवढ्यात मायाप्पा डोक्यावर भारा घेऊन आला. मायाप्पा मूळचा कमठाण्याचा. मेंढरं होती, ती विकली, आता रोजंदारीला येतो. सकाळपासून तो पलीकडच्या कडेला भारे बांधत होता. हडंब्याजवळ पहिल्यांदाच आला.

त्याने ड्रमकडे बघितलं. भारा खाली पडला.

"अण्णा... हे ड्रम कुठनं आणलाव?"

"बिदरच्या भंगारातनं. कामून रे?"

मायाप्पाने एका दाताकडे बोट केलं. बाकीच्या दातांपेक्षा तो जाड होता. ट्रॅक्टरचा बोल्ट ठोकून बसवलेला. "हे बोल्ट मीच बसवलो, अण्णा. कमठाण्यात मळणीला होतो तवा. ह्याच्यात आमच्यासंगं राबणारी नागव्वा गेली."

अक्का त्याच्याकडे वळली.

"माज्या बाजूलाच हुबारली होती," मायाप्पा सांगत होता. "आगुदर जांभळा पदर गेला. मग उजवा हात. पार खांद्यापासनं. वरडली न्हाई, अक्का. आमी वरडायलतो. ती नुसतं बगायलती आमच्याकडं."

मग त्याला ड्रमवरचं हळदीकुंकू दिसलं. त्याचा आवाजच बदलला.

"ह्याची ओटी कुणी भरली?"

"मी," अक्का म्हणाली.

"घरात ये म्हटलाव?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी दाजींकडे बघितलं.

आणि...

किण.

ड्रम फिरला.

पट्टा दाजींच्या हातात होता. इंजिन बंद होतं. मी पुन्हा सांगते, इंजिन बंद होतं!

अक्का हडंब्याला पाठ करून उभी होती. पदर कमरेला घट्ट खोचलेला. वारा नाही. पान हलत नव्हतं. तो पदर आपोआप सुटला, ताठ झाला आणि सरळ हडंब्याच्या तोंडात गेला.

ड्रम गरगरला. अक्का मागे ओढली गेली. धाडकन पत्र्यावर आदळली. वळली, आणि तिचा उजवा हात आत गेला. मनगट... कोपर... खांदा.

दाजींनी पट्टा टाकला आणि ड्रम अडवायला स्वतःचा हात आत घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ओली फांदी पिळून मोडावी तसा. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. जिभेला चव लागली. दाजी गुरासारखे ओरडत होते, मायाप्पाने त्यांना कमरेला धरून मागे खेचलं, आणि ते सुटले. मनगटाच्या पुढे काही नव्हतं.

अक्का मात्र ओरडली नाही.

तिचा गाल पत्र्याला दाबलेला होता. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

लुगडं गळ्याभोवती आवळत चाललं होतं. मी कात्री घातली. एकदा कापलं, कापड पुन्हा ताणलं. पुन्हा कापलं. माझीच बोटं कापली, तरी कापत राहिले. "सोड तिला! माझी अक्का हाय ती, सोड!" मी कुणाला ओरडत होते, मला ठाऊक नाही.

शेवटचा धागा तुटला. मी अक्काला केसांना धरून ओढलं. दोघी भुसकटात पडलो.

ड्रम थांबला.

मी तिचा हात बघितला. खांद्यापर्यंत आत गेलेला उजवा हात...

त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

दाजी वाचले. आता डाव्या हाताने जेवतात. ड्रममध्ये वेग राहिला असेल, असं एक मिस्त्री म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू ये आणि तुझा हात घालून दाखव. तो निघून गेला.

हडंबा गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत ढकलला. ढकलताना आतून बांगड्या वाजल्या, असं मायाप्पा सांगतो. तो आता संतपूरला कामाला येत नाही.

अक्का बरी आहे, असं सगळे म्हणतात. कमी बोलते. उजवा हात पदराखाली ठेवते. धक्का बसलाय, होईल हळूहळू. मीही तेच म्हणत होते.

आज सकाळपर्यंत.

आज ती एकटीच आळंदला आली. दुकानात शिरली. डाव्या हाताने पिशवीतून एक खण काढून टेबलावर ठेवला.

हिरवा. लाल काठाचा. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा टाका.

"अक्का... हे कुठं घावलं गं?"

"माजंच हाय की," ती म्हणाली. "तुमीच दिलाव न्हवं मला."

अक्काने मला जन्मात कधी 'तुमी' म्हटलेलं नाही. मी तिची धाकटी बहीण. तिच्या कडेवर वाढले मी.

सवयीने टेप हातात घेतली. हात वर कर, म्हटलं. तिने डावा वर केला.

"उजवा?"

ती नुसती बघत राहिली. पत्र्याला गाल लावून बघत होती, अगदी तशीच.

मग म्हणाली, "उजवी बाही शिवू नका. लागत न्हाई."

ती गेल्यापासून मी शटर ओढून बसले आहे. दाजींना काय सांगू? ज्या माणसाने बायकोसाठी हात दिला, त्याला फोन करून काय विचारू? रडू येतंय, आणि भीतीही वाटते. मला माझी अक्का पाहिजे. त्या दुपारी जीव तोडून मी जिला बाहेर ओढलं, ती कोण होती?

आणि अक्का... ती आतच राहिली का? त्या विहिरीत?

खण समोर पडलाय. मी त्याला अजून कात्री लावलेली नाही.

ब्लाऊज न्यायला ती उद्या येणार आहे.