सात नंबर खाटेची नळी

गुरुवारी सकाळी सव्वादहाला लॅबचा फोन घणघणला. लॅब सांभाळणाऱ्या बाईंनी उचलला तोच पलीकडून वॉर्डच्या डॉक्टरचा आरडाओरडा.

"सात नंबर कोसळला! काल काय रिपोर्ट दिलात तुम्ही?"

सात नंबर म्हणजे सात नंबरच्या खाटेवरचा सुतार. स्वादुपिंडाला सूज आली म्हणून सोमवारी दाखल झालेला. अंगातली सूज किती, हे सांगणारा सीआरपी नावाचा एक आकडा रक्तात मोजतात. सुताराचा मंगळवारी होता दोनशे चौदा. बुधवारी सकाळी, चार! ठणठणीत माणसाचा असतो तेवढा. वॉर्डच्या डॉक्टरनं लगेच सलाईन बंद केलं, जेवण सुरू केलं आणि त्याला देखरेखीतून काढलं. आज सुतार बेशुद्ध होता आणि पोटात रक्तस्राव चालू होता.

बाईंनी बुधवारीच वॉर्डात फोन केला होता. "डॉक्टर, एवढा आकडा एका रात्रीत उतरत नाही. फार तर अर्धा होईल. पुन्हा रक्त पाठवा."

"माझं औषध लागू पडलं, बाई," तो हसला होता. "जळू नका."

आता तोच म्हणत होता, असा फोन आलाच नव्हता.

अकराला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बोलावणं आलं. तिथे सुताराचा मेहुणा टेबलावर हात आपटत उभा होता. बाह्या वर केलेल्या, डोळे लाल.

"दोन रात्री दाजींच्या उशाशी काढल्यात मी! रक्तसुद्धा दिलं! आणि या बाईनं खोटा आकडा लिहून त्यांना मारायला काढलं!"

त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला छोटीशी गोल पट्टी होती. बाईंना त्याचा राग आला नाही. माणूस तळमळून बोलत होता.

तो बाहेर गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी एक कागद पुढे सरकवला. मशीन न तपासता चुकीचा आकडा दिला, असा माफीनामा.

"सही करा, बाई. विषय इथंच मिटेल."

"नाही करत."

"सव्वीस वर्षं झाली तुम्हाला इथे. आता कशाला हट्ट?"

"सव्वीस वर्षं झाली म्हणूनच."

"एक वाजेपर्यंत सही आली नाही तर उद्यापासून येऊ नका. आणि वॉर्डात पाऊल टाकायचं नाही."

"एक वाजायला दोन तास आहेत, साहेब," बाई म्हणाल्या आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या वॉर्डच्या डॉक्टरकडे वळल्या. "रक्त कुणी काढलं होतं?"

"मीच. नळी माझ्या हातची आहे. चूक तुमच्या मशीनची."

"किती वाजता?"

"पहाटे सहाला. तुम्ही काय पोलीस आहात?"

"नाही. मी नुसती चिकट आहे. पेशंट जागा होता?"

"गाढ झोपला होता. उताणा, चक्क घोरत. सुई टोचली तर एक डोळा उघडला आणि परत मिटला. एवढा आराम पडला होता त्याला!"

"मनगटावरची पट्टी वाचलीत? नाव, नंबर?"

"यादीच्या कागदावर खूण आहे, बघा की."

बाईंनी कागद बघितला. अकरा पेशंट, अकरा खुणा. एकाच पेनानं, एका झटक्यात ओढाव्यात तशा एकाखाली एक.

जिन्यात सुताराची बायको बसली होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या.

"ताई, रात्री झोप लागायची का यांना?"

"कसली झोप! पाठ टेकली की जीव जायचा. पोटाशी उशी धरून पुढे वाकून बसायचे, तेवढाच आराम. तीन रात्री खुर्चीवरच काढल्यात बघा. माझा भाऊ असायचा सोबतीला. तोही बिचारा दिवसभर कामावर, मग रात्री इथे."

बाई ताडकन उठल्या.

लॅबमध्ये त्यांनी बुधवारची नळी पुन्हा मशीनला लावली. आकडा आला चार. म्हणजे मशीनचं काही बिघडलं नव्हतं. मग फ्रिजमधून मंगळवारची नळी काढली आणि दोन्ही खिडकीशी धरल्या. आठवडाभर नळ्या जपून ठेवायची त्यांची सवय. सगळे हसायचे त्या सवयीला. सुताराच्या रक्तात चरबी भलतीच वाढलेली. मंगळवारच्या नळीत वरचं पाणी दुधासारखं पांढरं होतं. बुधवारच्या नळीत स्वच्छ, आरपार दिसणारं.

मग नळ्यांची अदलाबदल झाली का? तसं असेल तर ती पांढरी नळी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर सापडायला हवी. बाईंनी बुधवारच्या उरलेल्या दहाही नळ्या तपासल्या. एकही पांढरी नव्हती. दहाही जणांचे आकडे आपापल्या आदल्या दिवसाशी जुळत होते, आणि चारच्या जवळपास एकाचाही नव्हता.

म्हणजे सात नंबरच्या नळीतलं रक्त वॉर्डातल्या कुठल्याच पेशंटचं नव्हतं.

बाईंना मेहुण्याच्या कोपरावरची गोल पट्टी आठवली. त्यांनी रक्तपेढीला फोन लावला. "सात नंबरच्या नातेवाइकांपैकी कुणी रक्तदान केलं का?"

"अजून कुणीच आलं नाही. पण अडलं नाही काही, आपल्याकडे साठा आहे. बी गटाच्या दोन पिशव्या आत्ताच वर पाठवल्या."

"गट कुठल्या नळीवरून काढलात?"

"कालच्याच. आज त्यांची शीर सापडेना म्हणे. जुळवणीही त्याच नळीवर केली."

"थांबवा त्या पिशव्या! वॉर्डात फोन करा!" बाईंनी ओरडतच फोन ठेवला. मंगळवारच्या नळीचा गट त्यांनी दोन मिनिटांत काढला. ओ. त्या माणसाला बी गटाचं रक्त म्हणजे निव्वळ विष. माफीनाम्यावर सही केली असती, तर मशीन खोटं आणि नळी खरी ठरली असती. बाई काचपट्टी आणि गट तपासायचं औषध घेऊन जिना चढल्या. गुडघे दुखतात हेही विसरल्या.

वॉर्डातला फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. पिशवी टांगलेली होती. वॉर्डचा डॉक्टर तिची नळी जोडत होता. खाटेपाशी मोठे डॉक्टर आणि मेहुणा उभे होते.

"हात काढा!"

मोठे डॉक्टर उसळले. "तुम्हाला वर यायला बंदी केली होती मी."

"केलीत ना? आधी ती पिशवी उतरवा, मग मला खुशाल हाकला."

आवाजच असा होता की पिशवी खाली आली.

"कालची नळी या माणसाची नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही म्हणालात, पेशंट उताणा घोरत होता. स्वादुपिंड पेटलेला माणूस उताणा झोपेल? हा तीन रात्री खुर्चीवर वाकून बसलाय. मग खाटेवर कोण होतं?"

बाई मेहुण्याकडे वळल्या.

"दादा, रक्त दिलं म्हणालात. कुठे दिलंत?"

"इथेच की. या खाटेवर. दाजींना खुर्चीवर बरं वाटत होतं, म्हणून मी जरा आडवा झालो होतो. आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणालेच होते, रक्त लागेल, तयार राहा. पहाटे सुई टोचली, मला वाटलं तेच..." त्यानं कोपरावरची पट्टी चाचपली. "मी काय केलं हो, ताई?"

"तुम्ही काहीच नाही केलंत. ज्यानं विचारायला हवं होतं त्यानं विचारलं नाही."

बाईंनी सुताराच्या बोटातून एक थेंब काढला, मेहुण्याच्या बोटातून दुसरा. दोन्हींवर बी गट ओळखायचं औषध टाकलं. मेहुण्याच्या थेंबात फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. सुताराचा तसाच राहिला.

"यांचा गट ओ. ती पिशवी बी. कुणाला अजून माफीनामा हवाय?"

वॉर्डचा डॉक्टर स्टुलावर बसला. "अकरा जणांचं रक्त काढायचं होतं. अंधारात खाटेवरच्याचा चेहराही नीट बघितला नाही. खुणा मी टेबलावरच आधी करून ठेवतो. रोजच."

"आणि माझा फोन?"

"आला होता. तेव्हाच शंका आली होती मला. पण पुन्हा टोचायचं म्हणजे चुकलो म्हणायचं."

"मग म्हणायचं! त्यानं काय तुमची जीभ झडली असती? माणूस मरत होता, डॉक्टर!"

मोठ्या डॉक्टरांनी माफीनाम्याचा कागद खिशातून काढला आणि फाडला. वॉर्डच्या डॉक्टरला ते म्हणाले, "तुम्ही कामावरून उतरा. चौकशी उद्याच." मग खाली फोन करून ओ गटाच्या पिशव्या मागवल्या.

सुताराचे आकडे पुढे सावकाश उतरले, खऱ्या माणसाचे उतरतात तसे. दोनशे तीस, एकशे साठ, नव्वद, चाळीस.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाई स्वतः रक्त काढायला वर आल्या. सात नंबरच्या खाटेवर सुतार पहिल्यांदाच उताणा झोपला होता, घोरत. बाईंनी त्याचा खांदा हलवला.

"नाव सांगा."

सुतारानं डोळे चोळले. "अहो बाई, रोज बघता मला! इतक्या दिवसांनी जरा पाठ टेकली, आणि झोपेतून उठवून नाव विचारता?"

"विचारते. मोठे डॉक्टर इथे झोपले तरी विचारीन. सांगा."

त्यानं हसत नाव सांगितलं. बाईंनी मनगटावरची पट्टी वाचली आणि मगच कागदावर खूण केली.