मागाच्या खड्ड्यातून कौल

"भावकूआप्पा गेला खरा, पण घरची माणसं अजून त्याला कौल लावत्यात. आणि नको म्हणायचं असलं की तो..."

पिठाच्या गिरणीत मी पाऊल टाकलं आणि बोलणं तिथंच तुटलं. दोघी बायका आपापल्या डब्यात बघायला लागल्या. आता, अर्धी गोष्ट पोटात घेऊन गप बसणाऱ्यातली मी नव्हे. शहापूरच्या आमच्या विणकरांच्या बोळात भावकूआप्पांचं घर माझ्या भिंतीला लागून. आणि त्या घरातलं मला गिरणीत कळावं? दुपारी विरजण मागायचं निमित्त काढलं आणि वाटी घेऊन गेले.

आप्पा होते तेव्हा त्या घरात पाणीसुद्धा विचारून प्यायचं. ते जेवल्याशिवाय कुणाच्या पोटात घास जायचा नाही. मुलगा परशराम, चाळिशीचा बाप्या, केस कापायलाही परवानगी मागायचा. आप्पा गेले तेव्हा, देवाशप्पथ, मला त्या घरासाठी बरंच वाटलं होतं.

सगळे मधल्या घरात जमले होते. आप्पांची बायको नागूकाकी, परशराम, आणि त्याची पोरगी ऋतिका. समोर आप्पांचा जुना हातमाग. विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचा तो जमिनीतला खड्डा तसाच उघडा, काळा. कितीतरी वर्षांत त्यावर कुणी विणलं नव्हतं, पण लाकडाला ताजं तेल होतं.

"ये गं तानू, येळेवर आलीस," नागूकाकी म्हणाली. चेहरा कसा समाधानी, पूजेला बसल्यासारखा. "ऋतिकाला खानापुरात सरकारी नोकरी लागलीया. सोमवारी हजर व्हायचं हाय. कौल लावतोय."

"आप्पास्नी?" माझ्या तोंडून गेलंच. "काकी, कौल देवाला लावत्यात..."

"देव लांब असतोय गं."

मी ऋतिकाचा हात धरला. "पोरी, एवढी शिकलीस. सोमवारी मी बसवून देते तुला खानापूरच्या गाडीत. विचारायचं कशाला?"

ती नुसती हसली. "मावशी, विचारल्याबिगर पाय उचलत न्हाय."

परशरामनं फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या मागाच्या खांबाला चिकटवल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नको. तेवढ्यात करंट गेला. बोळातले विजेवरचे सगळे माग एकदम गप्प झाले. तेलाचा वास, जुन्या सुताचा वास, आणि त्याच्याखाली आणखी एक... बुजवलेल्या विहिरीसारखा.

उजवी पाकळी पडली.

मी टाळीच वाजवणार होते. पण तिघांची तोंडं उतरलेली.

"आप्पा जा म्हंत्यात...?" परशरामला घाम फुटला. "आणि तिथं हिला कोण सांगणार, काय करायचं, काय न्हाय?"

ऋतिकानं आजीचा पदर घट्ट धरला, जत्रेत हरवायला भिणाऱ्या लेकरासारखा.

"थांबा," काकी कुजबुजली. "अजून बोलंल..."

तिघं खड्ड्याकडे बघत राहिली. मीही.

खड्ड्यातून खोकला आला. ओला, खोल... एकदाच.

मी भिंतीपर्यंत मागं सरकले. आणि त्या तिघांनी? सुटकेचा श्वास सोडला! परशराम चक्क हसला. ऋतिकानं नोकरीची ऑर्डर दुमडली आणि न्हाणीत जाऊन पेटत्या बंबात सारली.

"बरं झालं बाई," डोळे पुसत ती म्हणाली. "कवाधरनं झोप न्हवती मला." आणि गुणगुणत चरख्यावर बोळातल्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला बसली.

गिरणीतलं उरलेलं वाक्य मला मिळालं होतं: नको म्हणायचं असलं की तो खोकतो. तरी चहाचा कप हातात आला आणि काहीतरी टोचायला लागलं. लग्न होऊन आल्यापासून ही एकच भिंत मधे. आप्पांचं ओरडणं ऐकलं, शिव्या ऐकल्या, घोरणं ऐकलं...

"काकी," मी हळूच म्हणाले, "आप्पा खोकल्याचं मी तर कधी ऐकलं न्हाय."

"न्हाईच खोकायचे," काकी साखर ढवळत म्हणाली. "आमास्नी म्हाईत हाय की."

"मग... खड्ड्यात कोण हाय?"

"असंल कोण तरी." तिनं माझा हात थोपटला. "सांगणारं हाय न्हवं? मग कशाला घोर लावून घेतीस जिवाला?"

खड्ड्यातून पुन्हा खोकला आला. या वेळी हलका, लाडात आल्यासारखा.

काकी हसली. "तुला चहा पी म्हंतंय. निवतोय बघ."

मी प्याले. आणि खरं सांगते, लई बरं वाटलं.