न मोडलेली घडी

"शिवलीले, घडी मोडल्याबिगर नवी साडी घराभायेर देऊ नये बग," गिरिजाबाई म्हणाल्या होत्या. "एकदा नेस, दारापतुर चालत जा, मग खुशाल कुणालाबी दे."

का हो अत्ती, असं शिवलीलेने विचारलं. त्यांच्यात सासूला अत्तीच म्हणतात. गिरिजाबाई अक्कलकोटची एसटी गाठायच्या घाईत होत्या आणि रिकामा शेंगाचटणीचा डबा काही केल्या पिशवीत बसत नव्हता. डबा दाबता दाबता त्या म्हणाल्या, "तू न्हाय मोडलीस तर दुसरी मोडंल की."

शिवलीलेला हसू आलं. दुसरीने मोडावी म्हणूनच तर द्यायची. ती एम.एस्सी. झालेली, पण असल्या गोष्टींवर सासूशी वाद घालू नये एवढं तिला लग्नानंतर चांगलं कळलं होतं. तिने मान डोलावली, अत्तींना रिक्षात बसवून दिलं आणि वर येऊन कपाट उघडलं.

जुळे सोलापुरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नवरा शरणबसव डाळिंबाच्या बागांना लागणारे फवारणीचे पंप विकायचा. सोमवारी सांगोल्याकडे जायचा तो शनिवारीच उगवायचा. घरात शिवलीला आणि तिची निला, दोघीच. निला सातव्या महिन्यातच जन्माला आली. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती आणि रोज रक्त काढायला तिच्या टाचेत सुई टोचायचे. त्या सुयांचे पांढरे ठिपके अजून डाव्या टाचेवर होते. तेल लावताना शिवलीलेचा अंगठा आपोआप त्यांच्यावरून फिरायचा. दुकानातून आणलेल्या वस्तूवर आपली खूण आहे ना हे बघावं, तसा.

ती दिवसभर एकच गाऊन घालायची. धुऊन धुऊन त्यावरची फुलं कधीच गेली होती. कपाटात मात्र तीन साड्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, फॉल लावून पुन्हा दुकानाच्याच घडीत ठेवलेल्या.

आंबापिवळी सुती साडी तिने मोहोळच्या कॉलेजात रुजू व्हायच्या दिवसासाठी घेतली होती. बोलावणंही आलं होतं. मग दिवस राहिले, उलट्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नका म्हणून सांगितलं. हिरवी इरकल आईने डोहाळजेवणासाठी दिलेली. झोपाळा सजवून झाला होता, बायका यायच्या होत्या, आणि त्याच सकाळी तिला दवाखान्यात हलवावं लागलं. तिसरी जांभळी, निलाच्या पहिल्या वाढदिवसाची. त्या दिवशी निला तापाने फणफणली, पाहुण्यांना फोन करून येऊ नका सांगितलं, आणि केक वॉचमनच्या पोरांनी खाल्ला.

निलाचे लंगोट काढायला कपाट उघडलं की या तिघी दिसायच्या. बसा म्हणून सांगितलेल्या आणि मग कुणीच न विचारलेल्या पाहुण्यांसारख्या.

मोबाईलवर एक बाई सांगत होती की वर्षभर ज्याला हात लागला नाही ते सोडून द्यावं, मन हलकं होतं. शिवलीलेने पिवळी आणि हिरवी पिशवीत घातली. जांभळीवर हात ठेवला, उचलली, परत ठेवली. मग निलाला कडेवर घेऊन ती विजापूर रोडच्या बाजूला गेली. तिथे एका बागेच्या कंपाउंडला माणुसकीची भिंत केलेली आहे. नको असेल ते टांगायचं, हवं असेल त्याने न्यायचं. शाळेच्या चड्ड्या, कॉलर विरलेले शर्ट, एक लोकरी टोपडं, आणि त्यांच्यात या दोन कोऱ्या साड्या. त्या तिथे शोभत नव्हत्या. शिवलीला परतताना दोनदा वळली. पण घरी आल्यावर तिला खरंच बरं वाटलं.

पुढे एकदा पाणी आलं तेव्हा सगळ्या बायका खाली बॅरल भरत होत्या. पहिल्या मजल्यावरची अमिना, जी घरी पिको-फॉलचं काम करते, हातातली नळी सोडून तिच्याजवळ आली.

"लीलाभाभी, काल मोहोळच्या स्टँडवर किती आवाज दिली मी तुम्हाला. बघून हसल्या, हात केला, अन् बशीत चढल्या. मोठ्या मॅडम झाल्या, आता आमच्याशी कशाला बोलताल."

शिवलीला म्हणाली की ती काल घरातून हललीच नव्हती. अमिनाने नळी दुसऱ्या बॅरलमध्ये टाकली. मी फॉल लावलेली साडी मला ओळखू येणार नाही होय, म्हणाली. आंबापिवळी होती. खांद्याला पर्स, हातात डबा. पिवळा रंग तुम्हाला खुलतो, असंही म्हणाली.

साडी कुणीतरी नेली, नेसली, आणि चेहऱ्याची गफलत झाली. शिवलीलेने स्वतःला हे नीट समजावलं. तरी दुसऱ्या दिवशी निलाला घेऊन ती भिंतीपाशी गेलीच. चड्ड्या आणि शर्ट तसेच होते, साड्या नव्हत्या. समोर तात्याबाचा चहाचा गाडा आहे. पिवळी आणि हिरवी साडी कुणी नेली, असं तिने त्याला विचारलं.

तात्याबाने तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. "म्याडम, तुमीच की. दुसऱ्या दिशी सकाळी आल्ता, दोन्ही काढून नेल्या. द्यावंसं वाटंना म्हनला. मीबी म्हनलं, बरं केलं, कोरी कापडं हुती." ग्लास विसळत तो पुढे म्हणाला, "तवा पोरीला घरी ठिवून आल्ता."

शिवलीलेने निलाला घट्ट धरलं. दवाखान्यातून घरी आणल्यापासून तिने या पोरीला कधी एकटं सोडलं नव्हतं. साधं दूध आणायलाही नाही.

घरी आल्या आल्या तिने शरणबसवला फोन लावला. सगळं सांगायचं ठरवलं होतं. मागे पंपाचा आवाज येत होता. तिने तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला. कालची तुझी ती वर्गातली गंमत आठवली की अजून हसू येतंय, म्हणाला, गिऱ्हाइकासमोर फोन कानाला लावून मी वेड्यासारखा हसत होतो. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "बरं वाटलं लीला. किती दिवसांनी तू हसलीस."

काल त्याचा फोन आलाच नव्हता. ती मी नव्हते, एवढे तीन शब्द तिला बोलायचे होते. पण त्याच्या आवाजात जे सुख होतं ते तिने फार दिवसांत ऐकलं नव्हतं. तिने हूं म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर कितीतरी वेळ ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर ती घराबाहेर पडेना. दाराला आतून कडी लावून ठेवायची. अमिनाने जिन्यात हाक मारली तरी ओ द्यायची नाही. निला मात्र मजेत होती. नवीनच एक गाणं म्हणायची, कानडी, झोपाळ्याचं. शिवलीलेला ते गाणं ठाऊक नव्हतं. कुणी शिकवलं विचारलं की निला म्हणायची, आईने.

मग गिरिजाबाईंचा फोन आला. त्यांच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "पोरगी हटूनच बसलीया, वहिनीसारखीच हिरवी इरकल पायजे म्हणून. तुझ्या डोहाळजेवणाला लई खुलली हुती बग ती."

शिवलीलेने त्यांना मधेच थांबवलं. "अत्ती, माझं डोहाळजेवण झालंच नाही. दवाखान्यात होते मी."

मग गिरिजाबाई हळू आवाजात बोलल्या, आजारी माणसाशी बोलावं तशा. "असं का बोलायलीस गं? झोपाळ्यावर बसवलं हुतं की तुला. वटी मीच भरली. आन् दवाखाना कसला? निला पुऱ्या दिसांची. कशी गुटगुटीत हुती."

शिवलीलेने फोन तसाच ठेवून दिला आणि कपाटाकडे धावली. अजून एक साडी राहिली होती. एक तरी घडी तिची तिने मोडायची, एक तरी दिवस आपल्याकडे ठेवायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. भर दुपार होती. भिंती तापल्या होत्या, पंखा गरम वारा टाकत होता. तिने जांभळीची पिशवी बाहेर काढली.

पिशवी बंद होती. वरची पिन जशीच्या तशी होती.

साडी उलगडली तेव्हा तिला पावडरचा आणि घामाचा वास आला. निऱ्यांच्या जागी चुण्या पडल्या होत्या. खांद्यापाशी सेफ्टी पिनची दोन भोकं होती. पदराला, गुडघ्याच्या उंचीवर, केकच्या क्रीमचा तेलकट डाग होता. त्यात पाच बोटं दिसत होती. लहान मुलाची.

साडी अजून कोमट होती.

निला खाली फरशीवर वाट्या मांडून खेळत होती. शिवलीला तिच्यापाशी गेली, बसली, तिचा डावा पाय मांडीवर घेतला. टाच वळवून पाहिली. अंगठा फिरवला. मग उजवी पाहिली. मग पुन्हा डावी.

दोन्ही टाचा गुळगुळीत होत्या.

गुदगुल्या झाल्या म्हणून निला हसली आणि पाय ओढून घेतला.

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. कॉलेजमधून, ऑफिसातून माणूस थकून येतो तशी, सावकाश. दाराबाहेर कुणीतरी चपला काढल्या. आधी एक, मग दुसरी. पर्समध्ये किल्ली शोधल्याचा आवाज आला.

निला उठून उभी राहिली. "आई आली."

"निला, मी इथे आहे."

निलाने वळून पाहिलं. तोंडात बोट घातलं. घरी कुणी अनोळखी बाई आली की ती जशी बघायची, अगदी तशी तिने शिवलीलेकडे बघितलं, आणि मग ती दाराकडे पळाली. कडीपर्यंत तिचा हात पुरत नव्हता. टाचा उंचावून ती धडपडत राहिली, आणि तोंड वेडंवाकडं करून रडायला लागली.

पुढचं शिवलीला सांगत नाही. पोरीचं रडणं बघवेना म्हणून कडी आपणच काढली, एवढंच सांगते.

आता ती बागेच्या कंपाउंडसमोरच्या बाकावर दिसते. अंगावर तोच गाऊन असतो. तात्याबा तिला ओळखत नाही. चहा देतो, कुठून आलीस म्हणून विचारतो, उत्तर आलं नाही तरी रागावत नाही. भिंतीवरचं एखादं कापड ने, असंही त्याने तिला सांगून पाहिलं. ती हात लावत नाही.

कुणी बाकावर शेजारी टेकलं, तर त्याच्याकडे ती एकच मागणं मागते. तुम्ही जुळे सोलापूरकडे जाणार असाल तर तेवढं एक काम करा. बिल्डिंग सापडायला सोपी आहे, पहिल्या मजल्यावर दिवसभर शिलाईचं मशीन चालू असतं. तिथून दोन मजले वर जा. दार उघडेल ती बाई चांगली आहे, बोलकी आहे, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. नाव शिवलीलाच सांगेल. त्यावर वाद घालू नका. फक्त निला झोपली असेल तर जरा तिच्याजवळ बसा आणि पाठीवर हात ठेवून बघा. झोपेत ती मधेच श्वास घ्यायचा विसरते, तेव्हा हळूच हलवावं लागतं. त्या घरात हे आता कुणालाच माहीत नाही.