अंगणाचं कलम एकोणीस

मरुनगरात अंगणाचे नियम सत्तावीस, आणि सगळे शाल्मली दांडेकरनं लिहिलेले. म्हणून तर सणाला ती आईकडे आली आणि घर-अंगणावर पारदर्शक झाकण धाडकन बसलं, तेव्हा तिला भीती नाही, आधी लाजच वाटली.

वाळवंटातल्या या वसाहतीत घरोघरी दवशोषी हिरवळ अंथरावीच लागे. कुंपणापासून कुंपणापर्यंत, बोटभर माती उघडी न ठेवता. ही कृत्रिम पाती हवेतली वाफ टिपून गावाच्या टाकीत पाठवत. जिवंत रोप नेमकं उलटं करतं, पाणी पिऊन हवेत सोडतं. म्हणून हिरवळ तासातासाला बाष्प मोजे. माणशी चाळीस ग्रॅम श्वासाघामाचे माफ. त्यावर गेलं की झाकण खाली आणि नळ बंद.

भिंतीवर आकडा होता सत्याऐंशी. दोघींचे ऐंशी. मग वरचे सात कुणाचे?

शाल्मलीनं गुडघ्यांवर बसून अंगण चाचपलं. तिची आई, वत्सलाबाई, दारात पदराशी चाळा करत उभ्या होत्या. शेवटी त्यांनीच कबूल केलं, की कोपऱ्यात हिरवळीच्या जोडात दूर्वा लावल्यात, गुहागरहून पानाच्या डब्यातून आणलेल्या. हिरव्यात हिरवं, कुणाला कळतंय! आणि उद्या चतुर्थी.

"गणपतीला प्लॅस्टिक वाहू होय गं?"

शाल्मली भडकली, घसा कोरडा पडेपर्यंत बोलली. मग आईबरोबरच उपटायला बसली. एकवीस जुड्या घट्ट डब्यात बंद झाल्या, उरलेलं तव्यावर करपवलं. आकडा ऐंशीवर उतरला. झाकण हललं नाही.

तिनं वसाहतीच्या कचेरीत विश्राम गवस याला फोन लावला. तो तिच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं चाचरत सांगितलं, की झाकण बाहेरून कापायला समितीचा ठराव लागतो आणि बैठक पंधरा दिवसांनी आहे. शाल्मलीनं कळशी हलवून पाहिली. फार तर दोन दिवसांचं पाणी.

"अरे, गवत गेलं. ऐंशी म्हणजे आम्ही दोघीच."

"मॅडम, बंद करताना माणसं वजा होतात, उघडताना नाही. कलम एकोणीस. बाष्प शून्य झाल्यावरच उघडायचं. तुम्हीच लिहिलंय."

खरंच होतं. चाचणीला तिनं बारा घरं घेतली होती, बाराही नवी, कुणी राहायला न आलेली. रोप मेलं की आकडा शून्यावर येई आणि झाकण उघडे. काय कौतुक झालं होतं तिचं! करायला गेली गणपती नि झाला मारुती. रिकाम्या घरात श्वास घेणारं कुणी नव्हतं, एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती.

वत्सलाबाई डबा काखेत धरून तिच्याजवळ येऊन बसल्या.

"गवत तर सगळं उपटलं. आता आणखी काय उपटायचं राहिलंय?"

शाल्मलीनं आईचा हात घट्ट धरला. तिला रडू कोसळलं.

आकडा एक्क्याऐंशी झाला.