सव्वा मूठ पीठ

मी एकदा कानबाईला नवस बोलले होते. साडीचोळी कबूल केली नव्हती, की नारळाचं तोरण नव्हतं. द्यायचं होतं ते फक्त सव्वा मूठ पीठ. आयुष्यात मी पुष्कळ नवस बोलले आणि आईच्या कृपेने सगळे फेडलेही, पण तेवढं जड मला काहीच गेलं नाही.

आज शुक्रवार. परवा रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, घरात बसणार होती. सुरतेच्या भेस्तानातली अर्धी लाइट गेली होती, म्हणून आम्ही तिघी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चटई टाकून बसलो होतो. मी, माझी सून कविता आणि नणंदेची छाया. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडून झाले होते.

"मामी, भुताची गोष्ट सांगा ना," छाया म्हणाली. "पण खरी हं. मोबाइलवरच्या सगळ्या खोट्या असतात."

"हिला रात्री पाणी प्यायला जायची भीती, आणि गोष्ट खरी पाहिजे," कविता हसली.

मी म्हटलं, सांगते. घडलेली सांगते. खालच्या मजल्यावर भागीरथी राहायची ना, तिच्या घरातली. तीन वर्षं झाली. अशीच श्रावणातली शुक्रवारची रात्र होती.

मी तिची चाळणी परत द्यायला गेले होते, तेवढंच काम होतं. साडेनऊ वाजले असतील. भागीरथीचा नवरा उखाभाऊ कापडाच्या लूमवर रातपाळीला गेलेला. घरात ती आणि तिचा धाकटा चेतन. मोठा लखन त्याच्या दोन वर्षं आधी फाल्गुनात इच्छापोरच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून गेला तो गेलाच.

लखन तुम्हाला आठवतो? लूमवर लागला तेव्हा डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर तुटलं होतं. मग त्याने लूम सोडला आणि कॉम्प्युटर घेतला. साडीवरच्या एम्ब्रॉयडरीचं डिझाइन कॉम्प्युटरवर बसवायचा, म्हणजे मशीनच्या सुईला कुठे टाका घालायचा ते कळतं. त्याला पंचिंग म्हणतात. रात्रभर कीबोर्डची टकटक चालायची. आखूड बोटामुळे मध्येच एक ठोका चुकायचा. टक टक टक... टक. मला वरच्या घरात झोपेतही कळायचं, लखन जागा आहे.

तो गेल्यावर त्याच कॉम्प्युटरवर चेतन बसला. चांगलं चाललं होतं. आषाढात त्यात व्हायरस शिरला. फुलं काढावीत तर फाइल उघडेना. उघडली तर काढलेलं पान भलतीकडेच गेलेलं. पडदा मध्येच काळा व्हायचा. पर्वत पाटियाचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे हेमराजभाऊ येऊन फॉरमॅट करून गेले. आठ दिवस बरे गेले, आणि पुन्हा तेच. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच.

"अँटिव्हायरस नव्हता टाकला का?" छाया म्हणाली.

टाकला होता गं बाई. तोच आधी बंद पडायचा.

पण खरं दुखणं कॉम्प्युटरचं नव्हतं, चेतनचं होतं. रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी कॉम्प्युटर आपोआप चालू व्हायचा आणि हा झोपेतून उठून त्याच्यासमोर जाऊन बसायचा. डोळे उघडे, पण पापणी हलायची नाही. लखनचं अर्धं राहिलेलं एक डिझाइन होतं, मोराचं. ते पुढे काढत बसायचा. सकाळी विचारलं तर काही आठवायचं नाही. अन्न तुटलं. महिन्याभरात गालाची हाडं वर आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. त्या शुक्रवारी तर तो खाटेवर पडूनच होता, अंग तापलेलं, आणि भागीरथी त्याच्या पायाशी बसून तळवे चोळत होती.

मला बघितल्यावर तिचा बांध फुटला. "सुषमाबाई, एक गेला. आता मना हा पोऱ्याबी जायी राहिना वं."

तेवढ्यात हेमराजभाऊ बॅग घेऊन आले. साठीचे गृहस्थ, कपाळाला अष्टगंध, बोलायला मिश्किल.

"वहिनी, आपण दोनदा फॉरमॅट केलं ना, ते म्हणजे दारावरची नावाची पाटी काढण्यासारखं आहे. माणूस आतच राहतो. हा व्हायरस डिस्कच्या अगदी उंबऱ्यात बसलाय. कॉम्प्युटर जागा व्हायच्या आधी हा जागा होतो. आज सगळी डिस्क पुसायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शून्यं भरायची. या भुताला मंत्र चालत नाही, शून्य चालतं."

"आणि लखनचं त्यातलं?" भागीरथीने विचारलं.

हेमराजभाऊ खाली बघत म्हणाले, "काहीच राहणार नाही. आणि ऐका, घरात कुठे त्याची कॉपी असेल, पेनड्राइव्ह असेल, तर तोही काढा. नाहीतर आपण दार धुवायचं आणि तो खिडकीतून परत यायचा."

"नाही. काही नाही," भागीरथी म्हणाली. फार पटकन म्हणाली.

मला तिथून निघवेना. थांबले.

साडेदहाला हेमराजभाऊंनी काम लावलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे. एक टक्का. दोन टक्के. कीबोर्डची गरज नव्हती, त्यांनी तो वायरीसकट काढून कपाटावर ठेवला. म्हणाले, आता हात लावायचा नाही, चालू द्यायचं.

आम्ही बसून राहिलो. बारा वाजता चाळीस टक्के. मी मनात कानबाईचं नाव घेत होते. चेतन झोपला होता. एक वाजता साठ. दीड वाजता एकाहत्तर.

मग आकडा हलेना.

पावणेदोन. एकाहत्तर. दोन. एकाहत्तर.

हेमराजभाऊंनी चष्मा पुसला. "अडकलंय. डिस्क खराब असावी..." पण त्यांचा आवाज मिश्किल राहिला नव्हता.

दोन वाजून वीस.

टक टक टक... टक.

मी कपाटाकडे बघितलं. कीबोर्ड वर होता. वायर खाली लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती.

टक टक टक... टक.

हेमराजभाऊ उठून उभे राहिले. मीही उठले.

खाटेवर चेतन उठून बसला. आईकडे बघून म्हणाला, "मावडी, लाइट कमी कर ना. डोळ्यावर येतो."

चेतन तिला आई म्हणायचा. मावडी म्हणणारा एकच होता.

छाया माझ्या अगदी जवळ सरकली. "मामी, बस. मने बीक लागे छे."

"आता थांबले तर भीती जास्त वाटेल. ऐक."

भागीरथी उठली. मला वाटलं, त्याला मिठी मारेल. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर परात होती, वर पांढरं फडकं. रोटाचं पीठ, सकाळीच दळून आणलेलं. लखन गेल्यावर वर्षभर सण नव्हता, पुढच्या साली सूतक पडलं, म्हणून ती पहिलीच कानबाई. तिने पिठात हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक पेनड्राइव्ह बाहेर काढला.

"यात त्याचा आवाज आहे," ती म्हणाली. "हसतो त्यात. 'मावडी, चहा ठेव' म्हणतो. त्यानेच मला लावायला शिकवलं होतं. चेतन बाहेर गेला की मी लावायची. प्रत्येक फॉरमॅटनंतर लावला. दोन्ही वेळा..."

हेमराजभाऊ डोक्याला हात लावून खाली बसले.

मी त्या परातीकडे बघत होते. रीत तुम्हाला माहीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजायचं, तेवढ्याचंच पीठ. उखाभाऊ आणि चेतन, दोघांचं पीठ केवढं होतं ते मला डोळ्यांनी कळतं. परातीत जास्त होतं.

"भागीरथी," मी विचारलं, "किती माणसं मोजलीस?"

तिने तीन बोटं वर केली.

"मोजलंस म्हणून तो बसलाय गं! जेवायला ठेवलंय त्याला, मग तो जाईल कसा?"

बोलून गेले, आणि माझीच जीभ जळली. कविता, तुला हे माहीत नाही. तुझ्या नवऱ्याच्या, योगेशच्या आधी मला एक मुलगा झाला होता. सव्वा महिन्याचा होऊन गेला. नावही ठेवलं नव्हतं. चोवीस वर्षं मी दरवर्षी रोटांना त्याची मूठ मोजत होते. गुपचूप. सासूबाईंना नाही कळलं, ह्यांना नाही.

तिथेच मी डोळे मिटले. कानबाई आई, हा चेतन उठू दे. मी माझी मूठ सोडते.

भागीरथीने हेमराजभाऊंकडे बघितलं. "एकदा ऐकू का? एकदाच. शेवटचं."

खाटेवरून आवाज आला.

"मावडी... लाव ना."

ती थांबली. किती वेळ थांबली, सांगता येत नाही. मग तिने खलबत्ता पुढे ओढला. पेनड्राइव्ह त्यात टाकला. बत्ता उचलला.

एक घाव. दोन. तिसऱ्याला तिच्या तोंडून जो आवाज निघाला... तो मी तुम्हाला करून दाखवणार नाही.

टकटक बंद.

पडद्यावर बहात्तर.

चेतन आडवा झाला. मी कपाळाला हात लावला, घामाने भिजलेलं. ताप उतरत होता.

मग आम्ही दोघींनी परातीतून सव्वा मूठ पीठ मोजून काढलं. एक पूर्ण मूठ, आणि वर पाव. दाराशी पाट मांडला, त्यावर ढीग ठेवला, बाजूला हळदकुंकू. सकाळी गाईला घालायचं ठरलं. भागीरथीने हात जोडले. "लखन, तुझं तू घे. आणि नीघ रे बाळा." दाराला आतून कडी. खिडक्या बंद. मांजर नाही घरात, उंदीर नाही. मी स्वतः बघितलं.

पाच वाजता शंभर टक्के झाले. हेमराजभाऊंनी डिस्क तपासली, या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्य. त्यांनी चहाही घेतला नाही. चप्पल घालायला दाराशी गेले आणि तिथेच थांबले.

"सुषमाताई, इकडे या."

पाटावर ढीग नव्हता. पूर्ण मूठ गेलेली. वरची पाव तेवढी राहिली होती, नीट बाजूला सारून ठेवल्यासारखी. आणि पिठात बोटं उमटलेली. डाव्या हाताची चार बोटं. मधलं आखूड.

कडी आतून तशीच होती.

पाव मूठ कुणासाठी मागे ठेवली, ते आम्हाला कळलं नाही. भागीरथीने ती गाईला नाही घातली. डबीत भरून देव्हाऱ्यात ठेवली आहे. इतक्या वर्षांत त्या पिठाला कीड लागली नाही, अळी झाली नाही. चेतनचं गेल्या वैशाखात लग्न झालं, उधण्याला राहतात, कॉम्प्युटर नवा आहे. त्या वर्षीपासून मीही मोजून आमच्या घरात आहेत तेवढ्याच मुठी घेते. पहिल्या वर्षी हात परातीवर तसाच राहिला होता. आता राहत नाही. आईने सांभाळलं.

कविताने अंधारात माझा हात धरला.

"आई, नाव काय ठेवणार होतात त्याचं?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

पोरींनो, उद्या सकाळी गहू मोजायला बसाल. मोजताना जे घरात आहेत तेवढेच मोजा. कुणी गेलेलं मनात आलं तर त्याची सव्वा मूठ वेगळी काढा, दाराशी पाटावर ठेवा, नाव घ्या आणि जा म्हणा. रडू आलं तर रडा. पण ती मूठ परातीत परत टाकू नका. माझ्यासाठी एवढं करा.